वॉर्डातले शब्द: मावशी, मामा, जीडीए आणि घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कागदावर 'जनरल ड्युटी असिस्टंट' (जीडीए) आणि वॉर्डात 'ओ मावशी', 'अहो मामा' अशा हाका ज्यांना पडतात, त्यांच्या बॅचना मी वैद्यकीय शब्द शिकवते. बॅच संपते, प्रश्न संपत नाहीत. नाइट ड्युटीवरून, लोकलमधून, कुणाच्या तरी घरी आजोबांच्या उशाशी बसल्या बसल्या व्हॉइस मेसेज येत राहतात. तेच प्रश्न फिरून येतात म्हणून एकदा लिहूनच ठेवते. प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी मराठी माध्यमातून दहावी झालेय, इंग्रजी कच्चं आहे. हे शब्द मला जमतील का?

जमतील. हे शब्द मुळात इंग्रजी नाहीतच, बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत. 'कोलेसिस्टेक्टॉमी' हा शब्द कॉन्व्हेंटात शिकलेल्या मुलीलाही पहिल्या दिवशी तेवढाच परका असतो. उलट आपल्याला समास फोडायची सवय आहे. जलोदर म्हणजे पोटात पाणी, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. जल आणि उदर दोन्ही समोर दिसतात. अर्धशिशी घ्या. अर्धं डोकं दुखतं म्हणून अर्धशिशी. 'मायग्रेन' ज्या ग्रीक शब्दापासून आला त्या 'हेमिक्रेनिया'चा अर्थही अर्धी कवटी असाच आहे. दोन वेगळ्या भाषांतल्या माणसांना एकच दुखणं सारखंच दिसलं.

इंग्रजी अक्षरं मात्र ओळखता आली पाहिजेत, कारण केसपेपर देवनागरीत नसतो. व्याकरण नाही आलं तरी चालतं.

२. 'शब्द फोडून वाचा' म्हणता, पण फोडायचा कुठून?

शेपटाकडून. शेपूट सांगतं काय झालंय किंवा काय केलंय, आणि मधला भाग सांगतो कुठे.

'आयटिस' दिसलं की दाह, सूज. गॅस्ट्रो म्हणजे जठर, म्हणून गॅस्ट्रायटिस. हेपॅट म्हणजे यकृत, म्हणून हेपटायटिस. आर्थ्रो म्हणजे सांधा, म्हणून आर्थ्रायटिस. 'अल्जिया' म्हणजे दुखणं, 'ईमिया' म्हणजे रक्तातली गोष्ट, 'युरिया' शेवटी आलं तर लघवीतली.

ऑपरेशनच्या शेपटांत मुलं अडकतात, कारण ती कानाला सारखी लागतात. 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढून टाकलं. वरचा कोलेसिस्टेक्टॉमी आता फोडा: कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे काढली. पित्ताशय काढलं, झालं. 'ऑटॉमी' म्हणजे नुसता छेद दिला, काढलं काही नाही. पोट उघडून आत बघायचं असेल तर लॅपरॉटॉमी. 'ऑस्टॉमी' म्हणजे बाहेर तोंड करून ठेवलं. हा फरक तुमच्या कामाचा आहे. ट्रॅकिऑस्टॉमीचा पेशंट म्हणजे मानेला भोक आणि त्यात नळी. त्याला ओरडून हाक मारता येणार नाही, तेव्हा बेल त्याच्या हाताशी हवी आणि स्पंजिंग करताना नळीत पाणी जाता कामा नये. कोलॉस्टॉमी असेल तर पोटावर पिशवी असणार, कुशीवर वळवताना ती दबणार नाही ना ते बघायचं. एक शेपूट कळलं की बेडपाशी जाण्याआधीच निम्मी तयारी होते.

'ऑस्कोपी' म्हणजे नळी घालून आत बघणं, 'प्लास्टी' म्हणजे दुरुस्ती. 'हिस्टर' म्हणजे गर्भाशय, त्यामुळे हिस्टरेक्टॉमी म्हणजे पिशवी काढणं. हिस्टेरिया हा शब्दही याच मुळातला. बायकांचं प्रत्येक दुखणं गर्भाशयातूनच येतं अशी जुन्या ग्रीकांची समजूत होती. आपल्याकडेही ती पुरती गेलेली नाही.

३. काही शब्द फोडले तरी फुटत नाहीत. राईल्स, फोलीज, फाउलर. मी चुकतेय का?

नाही. ती माणसांची नावं आहेत. नाकातून पोटात जाते ती राईल्स ट्यूब जॉन राईल या ब्रिटिश डॉक्टरांच्या नावाची, लघवीची फोलीज कॅथेटर फ्रेडरिक फोली या अमेरिकन डॉक्टरांच्या नावाची. पाठ टेकवून अर्धवट बसवायची फाउलर पोझिशनही अमेरिकन सर्जन जॉर्ज फाउलर यांच्या नावाची. ही सरळ पाठ करायची.

४. एकूण किती शब्द पाठ करू? पुस्तकात तर हजारो आहेत.

पहिल्या तीन महिन्यांत तीस-चाळीस तुकडे आणि तुमच्या वॉर्डात रोज ऐकू येणारी संक्षेपाक्षरं, एवढं पुष्कळ झालं. शंभर पानी वही घ्या, एका पानाला एक अवयव. 'मूत्रपिंड' या पानावर नेफ्रो आणि रीनल दोन्ही येतील, खाली डायलिसिस, मुतखडा, कॅथेटर. ऑर्थोच्या वॉर्डात असाल तर हाडांचं पान आधी भरेल. भरू द्या. कोशासारखं अ पासून सुरू करणारे ब ला सोडून देतात, हा माझा अनुभव आहे.

वहीत पेशंटचं नाव लिहायचं नाही, केसपेपरचा फोटो काढायचा नाही. 'नंतर शब्द शोधते' म्हणून काढलेला फोटोही नको. शब्द तेवढा उतरवून घ्या.

५. हायपो आणि हायपर दरवेळी उलटं होतं. काही युक्ती आहे का?

'पर' आणि 'वर' यांचं यमक जुळतं. हायपर म्हणजे वर, जास्त. उरला हायपो, तो कमी.

सगळ्यात जास्त उपयोग साखरेच्या बाबतीत. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर ७० च्या खाली. दरदरून घाम, हाताला कंप, भूक, मग गोंधळल्यासारखं बोलणं. हायपर म्हणजे वाढलेली: तहान, सारखी लघवी, ग्लानी. वाढलेल्या साखरेलाही उपचार लागतातच, पण कमी झालेली साखर मिनिटांत माणसाला बेशुद्ध करू शकते. म्हणून 'हायपो' हा शब्द कानावर पडला की हातातलं काम ठेवून सिस्टरला हाक मारायची.

याच जातीची दुसरी जोडी टॅकी आणि ब्रॅडी. टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद. टॅकिकार्डिया म्हणजे मोठ्या माणसाची नाडी १०० च्या वर, ब्रॅडिकार्डिया म्हणजे ६० च्या खाली.

६. टीपीआर, बीपी, एसपीओटू लिहायला सांगतात. नॉर्मल आकडे एकदाच सांगा ना.

मोठ्या माणसाचे सांगते. ताप ९८.६ फॅरनहाइट नॉर्मल, १००.४ आणि वर गेला की ताप. नाडी मिनिटाला ६० ते १००. श्वास १२ ते २०. बीपी १२०/८० च्या आसपास. ऑक्सिजन, म्हणजे एसपीओटू, ९५ टक्क्यांच्या वर. टीपीआर म्हणजे टेम्परेचर, पल्स, रेस्पिरेशन.

आता बारीक गोष्टी. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा थोडा कमी भरतो, म्हणून कुठे मोजला तेही लिहा. श्वास पूर्ण मिनिट मोजा आणि पेशंटला सांगू नका. सांगितलं की तो मुद्दाम सावकाश घेतो. नाडी धरल्यासारखं करून छातीकडे बघायचं. ऑक्सिजनचा चिमटा लावण्याआधी नेलपॉलिश काढा आणि थंडगार बोटं चोळून ऊब आणा, नाहीतर आकडा फसवतो.

अपवाद दोन. नवजात बाळाची नाडी १२० ते १६० असते, घाबरू नका. आणि सीओपीडीच्या, म्हणजे जुन्या दम्यासारख्या फुफ्फुसाच्या आजाराच्या काही पेशंटांसाठी डॉक्टर ऑक्सिजन मुद्दाम ८८ ते ९२ च्या दरम्यान ठेवायला सांगतात. ९० दिसलं म्हणून आपल्या मनाने फ्लोमीटर वाढवायचा नाही. अशा पेशंटला जास्त ऑक्सिजनही बाधतो.

७. गोळ्यांच्या कागदावर ओडी, बीडी, टीडीएस असतं. आणि कधी नुसतं १-०-१. हे कसं वाचायचं?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. एचएस झोपताना. एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. स्टॅट म्हणजे आत्ताच्या आत्ता. हे लॅटिनचे उरलेसुरले तुकडे आहेत. एसओएसचा जहाजाच्या हाकेशी संबंध नाही, 'गरज पडली तर' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक.

फसवी जागा ओडीची आहे. डोळ्यांच्या विभागात ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस डावा, ओयू दोन्ही. आणि कॅज्युअल्टीत कुणी 'ओडीची केस' म्हणालं तर ओव्हरडोस, म्हणजे औषध प्रमाणाबाहेर घेतलेला पेशंट. अशी आणखी अक्षरं प्रश्न १४ मध्ये आहेत.

हॉस्पिटलमध्ये औषध देणं सिस्टरचं काम. तुम्हाला हे वाचता यायला हवं ते अशासाठी, की ट्रे आणताना किंवा घरी नातेवाईक गोळी देताना काही विसंगत दिसलं तर तुम्ही विचारू शकाल.

८. एनबीएम म्हणजे पाणीसुद्धा नाही? नातेवाईक फार मागे लागतात.

पाणीसुद्धा नाही. 'निल बाय माउथ', तोंडाने काही नाही. भूल दिली की गिळण्या-खोकण्याची प्रतिक्रिया थंडावते, पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. हे एनबीएम केव्हापासून, तर साधारण नियम असा की ऑपरेशनआधी सहा तास जेवण बंद आणि दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं. पण तुमच्या पेशंटला काय चालेल ते भूलतज्ज्ञ ठरवणार. आपण बोर्डावर लिहिलंय तेवढं पाळायचं.

मी नवी असताना एका आजींना पहाटे सुनेने घोटभर चहा पाजला. 'जेवण नाही म्हणाले होते, चहा कुठे जेवण?' सून प्रामाणिकपणे म्हणाली, आणि ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. दुधाचा चहा भुलेच्या हिशेबात जेवणासारखाच धरतात. सुनेची चूक नव्हती. तिला आम्ही 'एनबीएम' सांगितलं होतं, 'चहा, पाणी, बिस्किट, पान-तंबाखू काही नाही' असं सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी वस्तूंची नावं घेऊन सांगते.

अपवाद: बीपीची एखादी गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायला डॉक्टर स्वतः सांगतात. कागदावर तसं लिहिलेलं असेल तरच.

९. इंग्रजी शब्द शिकले, पण पेशंट मराठीत भलतंच सांगतात. 'उन्हाळी लागली', 'पित्त उठलं', 'वारं गेलं'. ते सिस्टरला काय सांगू?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण इथे तुम्ही डॉक्टरांपेक्षा पुढे असता. नवी सिस्टर केरळची आणि निवासी डॉक्टर उत्तरेकडचे असले, तर वॉर्डात आजींची भाषा कळणारं माणूस तुम्हीच. म्हणून नियम एकच: आधी पेशंटचे शब्द जसेच्या तसे सांगा, मग त्याचा अर्थ.

'उन्हाळी लागली' याचा उन्हाळ्याशी संबंध नसेल. लघवीला जळजळ, थेंब थेंब होणं. वैद्यकीय शब्द डिस्युरिया.

'पित्त' तर तीन ठिकाणी राहतं. 'पित्त झालंय' म्हणजे छातीत-घशात जळजळ, आंबट पाणी. 'अंगावर पित्त उठलंय' म्हणजे खाज सुटणाऱ्या गांध्या, अर्टिकेरिया. आणि 'पित्त पडलं' म्हणजे उलटीतून हिरवं-पिवळं पडलं. नुसतं 'पेशंटला पित्त आहे' असं सिस्टरला सांगितलंत तर तिने काय समजायचं? इंजेक्शननंतर अंगावर उठलेलं पित्त म्हणजे औषधाची ॲलर्जी असू शकते, ती बातमी तातडीची आहे.

'अंगावरून जातंय' म्हणजे योनीमार्गे रक्त किंवा पाळी. 'अंगावरून पांढरं जातंय' वेगळं. आणि 'अंगावरून वारं गेलं' अगदीच वेगळं, तो अर्धांगवायू. तीनही वाक्यांची सुरुवात एकच, म्हणून वाक्य संपेपर्यंत थांबा.

'संडास लागली' असं कुणी म्हणालं तर त्याला नुसतं जायचंय की जुलाब होताहेत ते विचारा; दोन्ही अर्थ चालतात. 'कळ' आली म्हणजे पोट दुखलं, पण गरोदर बाईला 'कळा' सुरू झाल्या म्हणजे लेबर रूमला कळवायचं. 'छातीत दुखतंय' म्हणताना बाईने स्तनाकडे बोट केलं की मधोमध तळहात ठेवला, ते बघून सांगा. 'शीर' म्हणजे कधी रक्तवाहिनी, कधी मज्जातंतू. 'शीर दबली' आणि 'शीर सापडत नाही' या वाक्यांतल्या शिरा एक नव्हेत.

हिंदी बोलणाऱ्या वॉर्डात आणखी एक खड्डा आहे. मराठीत जांघ म्हणजे मांडी जिथे पोटाला मिळते ती जागा. हिंदीत जांघ म्हणजे अख्खी मांडी. आजोबा म्हणाले 'जांघेत गाठ आहे' आणि तुम्ही हिंदीत तेच सांगितलंत, तर सिस्टर मांडी तपासत बसेल. बोट दाखवा, सरळ काम होतं.

१०. 'सीझर' म्हटलं की मी गोंधळतो. कात्री आणू की ट्रॉली?

तुम्ही एकटेच नाही. बोलण्यात तीन वेगळे शब्द एकाच उच्चाराचे झालेत. 'तिचं सीझर झालं' म्हणजे पोट उघडून बाळंतपण. कागदावर ते एलएससीएस असतं. 'त्याला सीझर आलं' म्हणजे फिट, आकडी. आणि ड्रेसिंगच्या वेळी मागतात ती सीझर म्हणजे कात्री. क्रियापद ऐका: झालं, आलं, दे. आपण स्वतः बोलताना मात्र 'सिझेरियन', 'फिट' आणि 'कात्री' असंच म्हणावं.

११. नेफ्रो, न्यूरो, न्यूमो... सारखंच ऐकू येतं. चुकलं तर?

पेशंटला चुकीच्या मजल्यावर नेलं जाईल, तेही त्याच्या पोटात काही नसताना. नेफ्रो मूत्रपिंड, न्यूरो मेंदू आणि मज्जातंतू, न्यूमो फुफ्फुस किंवा हवा. ऐकलेलं परत म्हणून दाखवा: 'नेफ्रो, म्हणजे किडनीच ना?' यात कमीपणा नाही.

याहून महत्त्वाची जोडी आहे डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. पहिल्यात गिळायला त्रास, दुसऱ्यात बोलायला. लकव्याच्या पेशंटला दोन्ही असू शकतात. बोलता येत नाही म्हणून भरवायचं थांबवणं चूक, आणि गिळता येत नसताना पाणी पाजणं त्याहून मोठी चूक, कारण पातळ पाणी श्वासनलिकेत पटकन उतरतं. हे दोन शब्द कानाने ओळखायला जाऊच नका. 'याला तोंडाने द्यायचं का?' एवढं विचारा.

युरेटर आणि युरेथ्राही असेच. युरेटर मूत्रपिंडातून मूत्राशयात येते, युरेथ्रा मूत्राशयातून बाहेर. कॅथेटर युरेथ्रातून जाते.

१२. डावं-उजवं कुणाचं, माझं की पेशंटचं?

पेशंटचं. नेहमी. समोर उभं राहिलं की त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे येतो, म्हणून ऑपरेशनच्या जागेची तयारी करताना त्याच्याच हाताला हात लावून 'हा डावा' असं मोठ्याने म्हणा. सुपाइन म्हणजे उताणा, प्रोन म्हणजे पालथा, लॅटरल म्हणजे कुशीवर. 'लेफ्ट लॅटरल' म्हटलं तर डावी कूस खाली.

१३. रक्त पडलं की प्रत्येक ठिकाणचा वेगळा शब्द का?

कारण कुठून आलं यावर पुढचं सगळं ठरतं. उलटीतून आलं तर हिमॅटेमेसिस, खोकल्यातून आलं तर हिमॉप्टिसिस. लघवीतून हिमॅच्युरिया, नाकातून एपिस्टॅक्सिस. मेलेना म्हणजे डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच. रक्त पोटात वरच्या भागात सांडून पचलं की तसं होतं.

शब्द आठवला नाही तरी बिघडत नाही. रंग, किती, कशाबरोबर, किती वाजता हे चार तपशील सांगा. आणि ओतून टाकू नका. बेडपॅन, किडनी ट्रे झाकून सिस्टरला दाखवा. स्वच्छतेच्या घाईत पुरावा धुतला जातो.

रंग फसवतो तेही लक्षात ठेवा. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लालसर होते, आणि हे कुणी सांगितलं नसेल तर पेशंट घाबरून औषधच सोडतो. बीटाने काहींची लघवी गुलाबी होते. तरी 'बीटच असेल' हा निष्कर्ष तुम्ही काढू नका, सांगून मोकळे व्हा.

१४. एकाच अक्षरांचे दोन अर्थ निघतात. कोणता धरायचा?

वॉर्ड बघून धरायचा, आणि शंका असेल तर विचारायचं. आरटीए कॅज्युअल्टीत रस्ता अपघात, किडनीच्या वॉर्डात एक मूत्रपिंडविकार. पीआयडी स्त्रीरोग विभागात ओटीपोटातला संसर्ग, ऑर्थोत मणक्याची सरकलेली गादी. आरटी म्हणजे राईल्स ट्यूब, कॅन्सर हॉस्पिटलमध्ये रेडिओथेरपी, आणि एक्स-रेच्या कागदावर उजवी बाजू. पीटी रक्ततपासणीही असते, फिजिओथेरपीही. ओडीबद्दल प्रश्न ७ मध्ये लिहिलंच आहे.

१५. शब्द कळायला लागलेत. नातेवाईक विचारतात 'रिपोर्टात काय आलंय?' तर सांगू का?

नाही. 'डॉक्टर राऊंडला येतील तेव्हा विचारू या, मी आठवण करते' एवढंच. शब्दाचा अर्थ कळणं आणि त्या पेशंटच्या बाबतीत त्याचं महत्त्व कळणं यांत फार अंतर आहे. बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणं, तिचा अर्थ कॅन्सर होत नाही. पण तुम्ही तो शब्द दबक्या आवाजात उच्चारलात की घरचे रडायला लागतात.

'पॉझिटिव्ह'चंही तसंच. रोजच्या बोलण्यात पॉझिटिव्ह चांगलं, रिपोर्टात त्याचा अर्थ 'जे शोधत होतो ते सापडलं'. निगेटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन खचलेले लोक मी पाहिलेत.

एचआयव्हीच्या बाबतीत गुप्तता हा कायदाच आहे, २०१७ चा. पेशंटच्या सख्ख्या भावालाही नाही, आणि कॅन्टीनमध्ये आपल्या मैत्रिणीलाही नाही.

१६. 'इन्सुलिन लिहिताना यू लिहायचा नाही' असं सिस्टर ओरडल्या. एका अक्षराने काय होतं?

दहा पट होतं. घाईत लिहिलेला इंग्रजी यू शून्यासारखा दिसतो. १० युनिटच्या पुढे तो आला की १०० वाचलं जातं. म्हणून 'युनिट' पूर्ण लिहायचं. दशांशाचंही तेच. ५ च्या पुढे टिंब-शून्य देऊ नये, ५० वाटतं; आणि अर्ध्याच्या आधी शून्य हवं, ०.५ असं, नाहीतर टिंब दिसत नाही आणि ५ होतात.

घरी सांभाळणाऱ्यांनी एक जादा गोष्ट बघा. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० च्याही (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट) मिळतात आणि १०० च्याही. सिरिंजही वेगळ्या: लाल झाकणाची ४० साठी, केशरी झाकणाची १०० साठी. १०० ची बाटली आणि लाल झाकणाची सिरिंज अशी गाठ पडली तर १० च्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध प्रत्यक्षात २५ युनिट भरतं. मग प्रश्न ५ मधला हायपो ठरलेला. जोडी जुळत नसेल तर इंजेक्शन थांबवा आणि फोन करा.

१७. हँडओव्हर देताना मोठे शब्द वापरावेत का? नाहीतर अडाणी समजतात.

हँडओव्हर म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या माणसाला पेशंटची माहिती देणं. त्यात पाहिलेलं सांगा, निदान सांगू नका. 'चार नंबरला हायपो झालाय' असं म्हणालात तर तुमचा अंदाज ऐकून समोरचं माणूसही त्याच दिशेने विचार करतं. त्याऐवजी: 'चार नंबरच्या काकांना साडेतीनला घाम सुटला, हात थरथरतोय, नाव विचारलं तर उशिरा सांगतात, दुपारी जेवले नाहीत.' यात अडाणी काय आहे? साखर असेल, हृदय असेल, आणखी काही असेल. ठरवायला लागणारं सगळं त्यात आहे.

शब्द वापराच, पण जिथे ते काम वाचवतात तिथे: 'एनबीएम आहे', 'आरटी फीड दोनला झालं', 'युरिन आउटपुट चारशे, इनटेक-आउटपुट चार्टवर लिहिलंय'. फोनवर काही सांगितलं गेलं तर लिहून घ्या आणि परत वाचून दाखवा.

१८. एमएलसी, डामा, डीएनआर हे कळत नाही, आणि विचारायला भीती वाटते.

एमएलसी म्हणजे मेडिको-लीगल केस. अपघात, मारहाण, भाजणं, विषबाधा. इथे तुमच्यासाठी कळीची गोष्ट म्हणजे कपडे. रक्ताचे, फाटलेले कपडे धुवायला टाकायचे नाहीत, नातेवाइकांना परस्पर द्यायचे नाहीत, सिस्टरच्या ताब्यात द्यायचे.

डामा किंवा लामा म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता सही करून घरी जाणं. यात पेशंटला दोष देण्यासारखं काही नसतं, बऱ्याचदा पैसेच संपलेले असतात. जाताना कॅथेटर, आयव्ही लाइन काढली का ते सिस्टरला विचारा.

डीएनआर म्हणजे हृदय थांबल्यास छातीवर दाब देऊन परत सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, अशी नोंद. उपचार थांबवण्याबद्दल आणि आधी लिहून ठेवलेल्या इच्छापत्राबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निकाल दिला आणि २०२३ मध्ये त्यातली पद्धत सोपी केली. निर्णय डॉक्टरांचे आणि घरच्यांचे. तुम्ही दोन चुका टाळा: कुणाच्या तोंडी बोलण्यावरून 'हा डीएनआर आहे' असं धरून चालणं, आणि डीएनआर म्हणजे आता काहीच करायचं नाही असं समजणं. तोंड ओलं करणं, कूस बदलणं, चादर कोरडी ठेवणं, वेदना होतेय का ते बघणं हे सगळं शेवटपर्यंत चालू असतं.

१९. मी केअरगिव्हर म्हणून परदेशी जातेय. इथे शिकलेले शब्द तिथे चालतील?

शरीराचे चालतील, जठर सगळीकडे गॅस्ट्रोच आहे. बदलतात ती रोजची अक्षरं. आपला एनबीएम अमेरिकेत एनपीओ होतो. आपली कॅज्युअल्टी ब्रिटनमध्ये ए अँड ई, अमेरिकेत ईआर. ब्रिटनमध्ये टीपीआर-बीपी घेण्याला 'ऑब्ज' म्हणतात.

आकडे जास्त फसवतात. ताप बहुतेक देशांत सेल्सिअसमध्ये: ३७ नॉर्मल, ३८ म्हणजे आपला १००.४. आणि ब्रिटनमध्ये साखर वेगळ्या एककात मोजतात. तिथल्या यंत्रावर ६ दिसलं म्हणून ओरडू नका, आपल्या हिशेबात ते १०८. तिथला आकडा १८ ने गुणला की आपला येतो, आणि आपली ७० ची धोक्याची रेघ तिथे ३.९ वर असते. हे गणित वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा.